फराळाचं तेल आणि सुमात्राचा वाघ

मीनल_वाघबीळ | रविवार, रात्री ९:४०

मी ठाण्यात घोडबंदर रोडला वाघबीळमध्ये राहते. लेक पाचवीत आहे. शाळेने तिला ‘आपल्या भागाच्या नावाची गोष्ट’ असा प्रकल्प दिला होता. वाघबीळ म्हणजे वाघाचं बीळ, एवढं कळलं आणि लगेच तिचा प्रश्न आला, "मग तो वाघ गेला कुठे?" शेजारच्या येऊरच्या जंगलात बिबटे आहेत हे तिला ठाऊक आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत एक बिबट्या समता नगरापर्यंत आला होता, ती गोष्ट आमच्याकडे अजून सांगितली जाते. पण पट्टेवाला वाघ इथे नावापुरता उरलाय. जगात वाघ कुठे कुठे होते ते शोधत आम्ही मायलेकी सुमात्रापर्यंत गेलो आणि तिथून फिरून आपल्याच स्वयंपाकघरात आलो. ते सगळं इथे मांडावंसं वाटलं, म्हणून हा धागा.

इंडोनेशियात तीन बेटांवर तीन प्रकारचे वाघ होते. बालीचा वाघ १९४० च्या आसपास संपला. जावाचा १९७० च्या दशकापर्यंत कसाबसा तगला, मग तोही दिसेनासा झाला. उरला सुमात्राचा. तो आपल्या वाघापेक्षा अंगाने लहान, रंगाने गडद, पट्टे दाट. जंगलात असे वाघ आता ४०० ते ६०० च्या आसपास असतील असं मानतात, आणि ‘अतिशय धोक्यात’ या यादीत त्यांचं नाव आहे. भारतात २०१८ साली अंदाजे २,९६७ वाघ होते, २०२२ च्या गणनेत ३,६८२ झाले, त्यातले ४४४ आपल्या महाराष्ट्रात. आपल्याकडे वाघ वाढला म्हणून आपण आनंद केला आणि तो रास्तच होता. पण त्याच काळात समुद्रापलीकडच्या वाघाचं घर जे पीक खात होतं, त्याचा जगातला सगळ्यात मोठा आयातदार भारत आहे. पामतेल. दरवर्षी साधारण ७५ ते ९५ लाख टन आपण बाहेरून आणतो, आणि त्यातलं बहुतेक इंडोनेशिया-मलेशियातून.

वाचून मला खोटं वाटलं, कारण आमच्या घरी तळणाला शेंगदाणा तेल आणि एरवी सूर्यफूल. पामोलिन आम्ही आणतच नाही. मग लेक म्हणाली, कपाट बघूया. शनिवारी दुपारी दोघींनी फळीवरचं सगळं खाली काढलं, लादीवर मांडलं आणि आजीचं भिंग घेऊन पाकिटाची मागची बाजू वाचायला बसलो. मारी बिस्किटं, क्रीमची बिस्किटं, टोस्ट, नूडल्स, बटाट्याचे वेफर्स, आलू भुजिया, चॉकलेटचा ब्रेडवर लावायचा डबा, रेडीमेड सूप, खारी. फ्रीजमधून ‘आइस्क्रीम’ म्हणून आणलेला डबा काढला, त्यावर बारीक अक्षरात फ्रोझन डेझर्ट होतं आणि आत दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल. २३ जिन्नस निघाले. १५ वर स्पष्ट ‘पाम’ किंवा ‘पामोलिन’ लिहिलेलं. मग न्हाणीघर. साबणाच्या वेष्टणावर ‘सोडियम पामेट’, ‘सोडियम पाम कर्नलेट’. लेकीने वहीत दोन रकाने आखले होते, ‘आहे’ आणि ‘नाही’. ‘आहे’चा रकाना पानाखाली गेला तेव्हा तिने पेन ठेवलं आणि म्हणाली, "आई, आपण रोज वाघाचं जंगल खातो?"

मला नीट उत्तर देता आलं नाही. अजून शोधतेय. इथे या विषयातले, धंद्यातले, शेतीतले लोक आहेत. सांगा, आपण नेमकं काय करू शकतो? मला पोस्टर नको आहे. दिवाळीला आमच्या सोसायटीत फराळाची एकत्र ऑर्डर जाते, गेल्या वर्षी ९२ घरांनी दिली होती. निदान तिथून तरी काही करता येईल का?

स्वाती_खारेगाव | रविवार, रात्री ९:५८

वाचनखूण साठवली. उद्या घरची फळी खाली काढते.

अरण्यवाट | रविवार, रात्री ११:१५

मीनलताई, तुमच्या लेकीचा प्रश्न खरा आहे, पण मधल्या पायऱ्या समजल्या तर तिला उत्तर देणं सोपं जाईल. मी येऊरच्या वनभ्रमंतीत मुलांना हेच सांगतो.

वाघाला लागतं काय? आडोसा, पाणी आणि खाणं. सांबर, भेकर, रानडुक्कर. सुमात्राचं सखल पावसाळी जंगल म्हणजे या तिन्हींचं कोठार. ते तोडून पामची बाग लावली की काय होतं बघा. झाडं ओळीने, नऊ-नऊ मीटरवर. खाली गवत-झुडूप वाढू देत नाहीत, कारण फळांचे घड काढायला आणि सुटी फळं वेचायला जमीन मोकळी लागते. वरून हिरवं दिसतं, खाली वाघाला दबा धरायला जागा नाही. जमिनीलगतचं रान दाट नसेल तर वाघ बागेतून जायचंही टाळतो, हे तिथल्या अभ्यासकांनी कॅमेरे लावून पाहिलंय. रानडुक्कर मात्र येतं. पामची पडलेली फळं त्याला आवडतात. त्याच्या मागे कधी वाघ बागेच्या कडेला येतो आणि माणसाशी गाठ पडते. डुकरासाठी तारेचे फासे लावलेले असतात, त्यात वाघ अडकतो. आपल्याकडे चंद्रपूर-गोंदियाकडे डुकरासाठी सोडलेल्या वीजतारेवर वाघ मरतो, तसंच हे.

दुसरं, तुकडे. वाघीण पिल्लांसह राहायची तर मोठा सलग मुलूख लागतो. २०१७ साली एका अभ्यासात असं दिसलं की प्रजननक्षम ३० हून अधिक माद्या मावतील अशी सुमात्रात फक्त दोनच जंगलं उरली आहेत, उत्तरेला गुनुंग लेउझर आणि मध्ये करिंची सेबलात. बाकी ठिकाणी वाघ आहेत, पण बेटावर अडकल्यासारखे. एखाद्या तुकड्यातल्या चार-दोन वाघिणी गेल्या की तो तुकडा कायमचा रिकामा. बाहेरून नवा वाघ येणार कुठून? मधे सगळी बाग.

तिसरं, पीट. तिथल्या किनारी भागात हजारो वर्षांच्या कुजलेल्या पालापाचोळ्याची दलदल आहे, काही ठिकाणी ती कित्येक मीटर खोल आहे. बाग लावायला कालवे काढून तिच्यातलं पाणी उपसतात. सुकलेलं पीट पेटलं की जमिनीखालून धुमसत राहतं, विझवता विझत नाही. २०१५ साली इंडोनेशियात २६ लाख हेक्टर जळालं. सिंगापूर, मलेशियापर्यंत धूर गेला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

आणि फक्त तेल नाही बरं का. सुमात्राच्या रिआऊ प्रांतात कागदाच्या लगद्यासाठी अकेशियाची लागवड आहे, तीही याच जंगलाच्या जागी. कार्यालयात जी झेरॉक्सची रिमं येतात त्यातली काही इंडोनेशियाची असतात. पाकिटावर देश लिहिलेला असतो, एकदा उलटून बघा.

तुषार_ऐरोली | सोमवार, सकाळी ८:०५

माझं मत थोडं वेगळं आहे. राग मानू नका.

पामला झोडपणं सोपं आहे. हिशेब मांडा. एक हेक्टर पाम वर्षाला साडेतीन टनांच्या आसपास तेल देतो. सूर्यफूल पाऊण टनाच्या आत, सोयाबीन अर्ध्या टनाच्याही खाली. उद्या आपण सगळ्यांनी पाम सोडून सोया घेतलं तर तेवढ्याच तेलाला सात-आठ पट जमीन लागेल. ती कुठून येणार? ब्राझीलच्या सेराडो नावाच्या गवताळ रानातून, अमेझॉनच्या कडेने. म्हणजे इकडचा वाघ वाचवताना तिकडचा जॅग्वार घालवायचा. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१८ च्या अहवालात हेच सांगितलंय, की इतर तेलपिकांना नऊ पटीपर्यंत जास्त जमीन लागते, म्हणून पामवर सरसकट बंदी हा उपाय नाही.

शिवाय इंडोनेशियातल्या पाम लागवडीत जवळजवळ ४० टक्के वाटा छोट्या शेतकऱ्यांचा आहे. दोन-चार हेक्टरवाले. त्यांनाही पोरांच्या फिया भरायच्या आहेत. आणि हेही सांगायला हवं की २०१६ नंतर तिथली जंगलतोड पुष्कळ कमी झाली. नवीन परवाने थांबवले, पीटवर निर्बंध आणले. चांगलं झालं तेही बोला.

मीनल_वाघबीळ | सोमवार, सकाळी ८:४०

तुषार, राग कसला? हेच हवं होतं. बहिष्काराचं मी म्हणत नाहीये. पामचं झाड वाईट नाही, ते जंगलाच्या जागी लावणं वाईट. जुन्या बागेत चांगलं पीक काढून तेल आलं तर माझी तक्रार नाही. पण पाकिटावर ‘पाम’ एवढंच लिहितात. जुन्या बागेचं की गेल्या वर्षी तोडलेल्या जंगलाचं, हे मला दुकानात उभं राहून कसं कळणार?

वैशाली_कळवा | सोमवार, दुपारी ३:२०

मी कळव्याला डबे करते, रोज ४५ डबे. घरात मीच कमावती आहे, मिस्टरांची रिक्षा गेल्या वर्षीपासून बंद आहे. तुमचं सगळं वाचलं आणि खरं सांगते, पोटात कालवलं.

डब्याच्या भाजीला मी सोयाबीन वापरते, पुऱ्या आणि भजी पामोलिनमध्ये. कारण दर. लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल पामोलिनच्या दुपटीहून महाग पडतं. डब्याचा दर पाच रुपयांनी वाढवला तर निम्मी पोरं दुसरी खाणावळ बघतील. २०२२ च्या दिवाळीला सरकारने ‘आनंदाचा शिधा’ दिला, शंभर रुपयांत एक-एक किलो रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल. आमच्या चाळीत त्या पिशवीसाठी रेशन दुकानासमोर पहाटेपासून रांग होती. त्या तेलात शंकरपाळ्या तळल्या म्हणून मुलांची दिवाळी झाली. त्या रांगेतल्या बाईला वाघाचं सांगून काय उपयोग? तिने काय सोडायचं?

वाघ नको असं नाही हो. माझं माहेर जव्हारकडे. वाघबारशीला वाघोबाला नारळ देतात आमच्याकडे. आई अजूनही म्हणते, वाघोबा गेला तर रान गेलं.

नौपाडाकर | सोमवार, सायंकाळी ६:१०

वैशालीताई, आपलं म्हणणं मनाला लागलं. मी सत्तरीतला माणूस. पामोलिन आपल्या घरात आलं ते रेशनच्या रांगेतूनच. सत्तरच्या दशकाअखेरीस आणि ऐंशीत सरकार ते परदेशातून आणून रेशनवर देत असे. मी किटली घेऊन रांगेत उभा राहिलेला आहे. थंडीत ते किटलीत गोठायचं, पांढरे दाणे खाली बसायचे. आई म्हणायची, "हे तेल आपलं नाही," आणि चुलीजवळ ठेवून वितळवायची.

त्याआधी घरात करडईचं आणि शेंगदाण्याचं तेल. सोलापूर-मराठवाड्याकडे रब्बीत करडईची शेतं दिसायची, काटेरी झाडं, पिवळी-नारिंगी फुलं. करडईत महाराष्ट्र देशात पुढे होता. पुढे ती शेतं हरभऱ्याकडे, सोयाबीनकडे गेली. करडईला दर मिळाला असता तर ती टिकली असती. वाघाचा प्रश्न जितका सुमात्राचा, तितकाच लातूर-सोलापूरच्या शेतकऱ्याला दर देण्याचा आहे, असं माझं मत आहे. आयातीवरचं शुल्क कमी केलं की बाहेरचं तेल स्वस्त होतं आणि आपला तेलबियावाला बसतो.

पल्लवी_नेरुळ | सोमवार, सायंकाळी ६:४५

काका, अगदी! बाबांनी बार्शीजवळ करडई सोडली त्याला वीस वर्षं होतील. काटे मजुरांना नको आणि भाव व्यापाऱ्याला नको.

डोंगरझरा | सोमवार, रात्री १०:३०

सरकारने २०२१ च्या ऑगस्टमध्ये पामसाठी राष्ट्रीय मिशन जाहीर केलं, ११,०४० कोटी रुपयांचं. २०२५-२६ पर्यंत साडेसहा लाख हेक्टर नवी लागवड, म्हणजे एकूण दहा लाख हेक्टर. भर ईशान्य भारत आणि अंदमान-निकोबारवर. हेतू आयात कमी करण्याचा, तो चुकीचा नाही. पण जागा?

मी नोकरीनिमित्त तीन वर्षं ऐझॉलला होतो. पामचा घड तोडला की २४ तासांच्या आत तेल काढणाऱ्या मिलमध्ये पोचायला लागतो, नाहीतर तेलातली आम्लता वाढते आणि मालाला किंमत राहत नाही. मिझोरामच्या डोंगरातले रस्ते पावसात बंद. झाडाखाली कुजणारे घड मी पाहिलेत. एका शेतकऱ्याने मला बाग दाखवली, दहा वर्षांची झाडं. त्याने पायाने एक घड उलटा केला, आतून पांढरी बुरशी. तो काही बोलला नाही, मीही काही विचारलं नाही.

तिकडच्या डंपा व्याघ्र प्रकल्पाजवळ पक्ष्यांचा अभ्यास झाला, २०१६ साली प्रसिद्ध झाला. ज्या झूम शेतीला, म्हणजे डोंगरातल्या फिरत्या शेतीला, आपण जंगल जाळते म्हणून नावं ठेवतो, तिथे जंगलातले पक्षी पामच्या बागेपेक्षा कितीतरी जास्त सापडले, कारण झूममधली जमीन पडीक ठेवली की रान परत येतं. पामची बाग २५ वर्षं बागच राहते. सुमात्रात जे घडलं ते आपल्या ईशान्येत घडायला नको. पाम लावायचाच तर आंध्र-तेलंगणाच्या आधीच्या शेतजमिनीत लावा. तिथे तो आहेच. तिथे पाण्याचा प्रश्न आहे, पण निदान जंगल जात नाही.

शेवा_बंदर | मंगळवार, सकाळी ६:५०

रात्रपाळीहून आलो आणि धागा वाचला. मी उरणचा. गेली सोळा वर्षं शेव्याच्या बंदरात, खाद्यतेलाच्या टाक्यांवर. मीनलताईंनी विचारलंय ना, दुकानात उभं राहून कळणार कसं? ते आमच्याकडून बघा.

जहाज लागतं तेव्हा त्याच्या पोटात तेलाचे वेगवेगळे कप्पे असतात. एकेक लॉट म्हणजे एक पार्सल. पामतेल थंडीत घट्ट होतं, म्हणून कप्प्यात वाफेच्या कॉइली असतात. उतरवायच्या आधी दोन-तीन दिवस तेल हळूहळू तापवत आणतात. मग नळीला नळी जोडली की पंप सुरू. नळीवर हात ठेवला तर गरम लागते, हिवाळ्यात आम्ही हात शेकतो तिच्यावर. कच्चं तेल लालसर-नारिंगी असतं, गाजरासारखं. त्याचा नमुना बाटलीत घेऊन उन्हात धरला की फार सुंदर दिसतं. रिफायनरीत जाऊन ते पिवळं होतं, वास जातो, मग ते आरबीडी (म्हणजे शुद्ध केलेलं, रंग आणि वास काढलेलं) पामोलिन म्हणून पिशवीत येतं.

आता मुद्दा. एका टाकीत एकाच पार्सलचं तेल राहीलच असं नाही. जागा लागली की एकावर एक माल जातो. पण त्याच्याही आधी, तिकडे, शंभर-दीडशे बागांचे घड एका मिलमध्ये. दहा-वीस मिलांचं तेल बंदरावरच्या एका टाकीत. त्या टाकीतून जहाज. म्हणजे इथे पोचेस्तोवर ते दहा ठिकाणी मिसळलेलं असतं. जंगल तोडून लावलेल्या बागेचा घड आणि चाळीस वर्षं जुन्या बागेचा घड एकाच कढईत शिजलेला असतो. बाटलीत धरून कुणाला सांगता येणार नाही.

आरएसपीओ म्हणून एक संस्था आहे, २००४ पासूनची. ती नियम पाळून काढलेल्या पामतेलाला प्रमाणपत्र देते. त्याचे प्रकार आहेत. एकात प्रमाणित तेल शेवटपर्यंत वेगळं ठेवतात, वेगळी टाकी, वेगळा पाइप. ते महाग. दुसऱ्यात, ज्याला मास बॅलन्स म्हणतात, तेल मिसळू देतात पण हिशेब ठेवतात, की शंभर टन प्रमाणित आत गेलं तर शंभर टनच प्रमाणित म्हणून विकता येईल. पाकिटावर पामच्या पानांचं हिरवं चिन्ह दिसलं तर त्यातला कुठला प्रकार ते बारीक अक्षरात असतं. आपल्याकडे ते चिन्ह मला दुकानात फारच क्वचित दिसलंय. आम्हाला टाकीवर वेगळं ठेवायचा आदेश येतो तो बहुतेक बाहेर निर्यात होणाऱ्या मालासाठी. इथल्या गिऱ्हाइकासाठी वेगळं ठेवा असं आमच्याकडे कुणी म्हटलेलं मला आठवत नाही.

अरण्यवाट | मंगळवार, सकाळी ९:३०

शेवादादा, इतकं उघड आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मी कॅमेऱ्यातल्या वाघाचे फोटो दाखवत फिरतो. पाइपाचं टोक मात्र मी कधी पाहिलं नव्हतं.

आता मीनलताईंच्या प्रश्नाकडे. विचारल्याने काही होतं का? होतं. २०१० च्या मार्चमध्ये ग्रीनपीस या पर्यावरण संस्थेने किटकॅटवरून नेस्लेविरुद्ध मोहीम उघडली. दोन महिन्यांत, मे महिन्यात, कंपनीने जंगलतोडीतलं पामतेल आणि लगदा घेणार नाही असं धोरण जाहीर केलं. २०११ मध्ये बार्बीच्या खोक्याचा कागद इंडोनेशियाच्या जंगलातून येतो हे पुढे आलं, तेव्हा बार्बी बनवणाऱ्या मॅटेल कंपनीने पुरवठादाराबाबत पाऊल मागे घेतलं. सुमात्रातल्या मोठ्या कागद कंपनीने २०१३ च्या फेब्रुवारीत नैसर्गिक जंगल तोडणं थांबवतो म्हणून सांगितलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात विल्मार या पामच्या मोठ्या व्यापाऱ्यानेही जंगल नाही, पीट नाही, शोषण नाही असं धोरण मांडलं. सगळं पाळलं गेलं असं मी म्हणणार नाही. तेस्सो निलो बघा. रिआऊतलं राष्ट्रीय उद्यान, २००४ साली जाहीर झालं, हत्ती आणि वाघ दोघांचं. उद्यान म्हणून नकाशावर रेघ आहे, पण निम्म्याहून जास्त भागात आत पामच आहे. तिथले घड बाहेरच्या मिलमध्ये जातात. मिल नाही म्हणत नाही, कारण तिला विचारत कुणी नाही.

आणि विचारलं ते युरोपातल्या गिऱ्हाइकांनी. युरोपीय संघाने २०२३ साली कायदाही केला, की २०२० नंतर तोडलेल्या जंगलातलं पामतेल, रबर, कॉफी, कोको, सोया, लाकूड, गुरं आत येऊ द्यायची नाहीत. त्याची अंमलबजावणी पुढे ढकलत आहेत ते वेगळं. पण युरोप जे घेणार नाही ते कुठे जाईल? जो विचारत नाही त्याच्याकडे. म्हणजे आपल्याकडे.

तुषार_ऐरोली | मंगळवार, दुपारी १२:१५

हे मान्य. मी पीक कसं आहे ते सांगत होतो, तुम्ही ते येतं कसं ते सांगताय. दोन्ही खरं.

एक जोडतो. आपण खातोच जास्त. शिफारस वर्षाला माणशी १२ किलो तेलाची, आणि आपण २० किलोच्या आसपास आहोत. वैशालीताईंच्या डब्यातून कापा असं म्हणत नाही. माझ्या ऑफिसच्या कँटीनमध्ये दुपारी चारला समोसे, वडे, वेफर्स येतात, तिथे कापा. तिथे गरिबाचा प्रश्न नाही.

स्वाती_खारेगाव | मंगळवार, दुपारी १:०२

फळी काढली. ३१ पैकी २०. मारी बिस्किटात असेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. सासूबाईंना भिंग दिलं, त्यांनी साबणही तपासले.

मीनल_वाघबीळ | बुधवार, रात्री ९:१५

काल आणि आज दोन गोष्टी केल्या.

पहिली, आम्ही ज्यांच्याकडून फरसाण घेतो त्या दुकानात गेले. भट्टीच्या मागे नेलं त्यांनी, दाराशी पामोलिनचे पंधरा किलोचे डबे एकावर एक. मी विचारलं, कुठलं तेल आहे हे? म्हणाले, "पाम." मी म्हटलं, ते दिसलं, पण कुठल्या मिलचं, जंगल तोडून आलेलं आहे का? त्यांनी डबा फिरवून फिरवून पाहिला, चारही बाजू, झाकण, तळ. रिफायनरीचं नाव आणि पत्ता होता, बाकी काही नाही. म्हणाले, "ताई, बावीस वर्षं तळतोय, हा प्रश्न पहिल्यांदा आला." चिडले नाहीत. उलट म्हणाले, डेपोवाल्याला विचारतो, मलाही कळू दे.

दुसरी, बिस्किटाच्या दोन कंपन्यांच्या ग्राहक क्रमांकावर लेकीने स्वतः फोन केला. काय बोलायचं ते तिने वहीत लिहून घेतलं होतं: "तुमच्या बिस्किटातलं पामतेल कुठल्या जंगलातून येतं?" पलीकडच्या ताई थोड्या थांबल्या. मग तक्रार म्हणून नोंदवून घेतलं, क्रमांक दिला. तिने तो वहीवर चिकटवलाय.

शेवादादा, एक विचारू? तुमच्याकडे जे कागद येतात त्यावर निदान तिकडचं बंदर लिहिलेलं असतं ना?

शेवा_बंदर | गुरुवार, सकाळी ७:०५

असतं. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाजाच्या मालाच्या पावतीवर, लोडिंग पोर्ट असतंच. रात्री मुद्दाम बघितलं. जे जहाज आम्ही आज खाली केलं त्याचं लोडिंग पोर्ट दुमाई. रिआऊमध्ये आहे ते. अरण्यवाट म्हणतात ते तेस्सो निलो त्याच प्रांतात. मिलचं नाव कागदावर नाही. वरिष्ठांना विचारलं, मिलची यादी मागवता येते का? म्हणाले, माल घेणाऱ्याने मागितली तर पाठवणारा देतो, मोठ्या रिफायनऱ्यांकडे ती असतेही. आपल्याला कुणी मागत नाही म्हणून आपण मागत नाही.

मी सोळा वर्षं त्या नळीवर हात शेकलेत. काल रात्री ठेवला नाही.

डोंगरझरा | गुरुवार, सकाळी ८:२०

रिफायनऱ्यांच्या संकेतस्थळांवर मिलच्या याद्या असतात, काहींच्या तरी. दुमाईच्या आसपासच्या मिला नकाशावर टाकून उद्यानापासून किती दूर ते बघता येईल. मी बसतो शनिवारी. कुणी येणार का सोबत?

अरण्यवाट | गुरुवार, सकाळी ८:३१

मी. उद्यानाची सीमा माझ्याकडे आहे.

मीनल_वाघबीळ | गुरुवार, रात्री १०:००

आज सोसायटीची फराळाची बैठक झाली. सरळ सांगते, सगळे तयार झाले नाहीत. एक काका म्हणाले, चकली किलोमागे साठ रुपये महाग घेऊन सुमात्राचा वाघ कसा वाचणार? मी त्यांना शेवादादांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. ते गप्प राहिले, पण ऑर्डर जुन्याच दराची दिली. त्यांच्या घरी दोन आजारी माणसं आहेत, त्यांना मी काही म्हणणार नाही. शेवटी ९२ पैकी ३७ घरांनी चकली, कडबोळी आणि शेव शेंगदाणा तेलातली घ्यायचं ठरवलं, बेसनाचे आणि रव्याचे लाडू साजूक तुपातले. बाकीचं नेहमीसारखं, पण दुकानदाराने डेपोतून मिलचं नाव आणलं तर ते नोटीस बोर्डावर लावायचं असं ठरलं.

वैशालीताई, ही ३७ घरांची ऑर्डर तुम्ही घ्याल का? बाहेरच्या दुकानाला देण्यापेक्षा तुम्हाला द्यावी असं बैठकीत चार बायकांनी सुचवलं. तेलाचे पैसे आगाऊ देऊ, डबा आम्हीच आणून देऊ, पल्लवीच्या ओळखीने बार्शीकडच्या घाण्यावरून. दर तुम्ही सांगा, घासाघीस करणार नाही.

पल्लवी_नेरुळ | गुरुवार, रात्री १०:२२

घाणेवाल्याशी बोलले. पंधरा किलोचे चार डबे मिळतील. त्याने विचारलं, करडई पेरली तर घ्याल का? बाबांना फोन लावून दिला त्याला.

वैशाली_कळवा | शुक्रवार, पहाटे ५:१०

घेते. डबे भरून झाल्यावर दुपारी चार तास मोकळे असतात, शेजारच्या दोघी मदतीला येतील. चकलीची भाजणी मी घरीच भाजते, तांदूळ, हरभराडाळ, उडीद, मूग, धणे-जिरे, गिरणीत स्वतः उभी राहून दळून आणते. शेंगदाणा तेल चांगलं तापू द्यावं लागतं, नाहीतर चकली मऊ पडते, ते मी बघते.

कुणाला किती किलो, तिखट कमी हवं असेल तर तेही, रविवारपर्यंत सांगा. सोमवारी तांदूळ धुवायला घेते.